मिस्त्रींच्या घरची टाकी

नगरपालिकेनं नवा नियम काढला तेव्हा अख्ख्या गावात एकच माणूस खूश झाला, तो म्हणजे मिस्त्री. नियम साधा होता. गटाराची मोठी लाइन अजून ज्या भागात पोचलेली नाही, तिथल्या प्रत्येक घरानं आपल्या संडासाची टाकी नगरपालिकेला दाखवायची, झाकण उघडून द्यायचं, दर तीन वर्षांनी उपसा करून घ्यायचा आणि तसा दाखला घरात ठेवायचा. लोक वैतागले. घरी माणूस आला तर आपण बैठकीची खोली दाखवतो, टाकी कोण दाखवतं? मिस्त्री मात्र कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात पाय पसरून बसले आणि म्हणाले, "आता कळेल कुणाचं काम कसं आहे ते."

त्यांना असं म्हणायचा हक्क होता. वय चौऱ्याहत्तर, त्यातली पन्नास वर्षं हातात थापी. गावातल्या निम्म्या टाक्या त्यांनी बांधलेल्या. मधली भिंत किती उंच, आत येणारा पाइप किती बुडवायचा, पाणी बाहेर पडल्यावर जिरवायला शोषखड्डा किती लांब खणायचा, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि दुसऱ्यानं बांधलेली टाकी बघताना ते कौतुकाचा एक शब्द खर्च करत नसत. महिनाभर त्यांनी नियमाचं गुणगान केलं. मग एके दिवशी शेजारचे निवृत्त पोस्टमन सहज म्हणाले, "आपल्या गल्लीची तपासणी गुरुवारी आहे हो. तुमच्यापासूनच सुरुवात." मिस्त्रींचा चहा घशात अडकला. खरं सांगायचं तर तोवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, की आपलंही घर याच गावात आहे.

तपासणीला येणाऱ्या बाईंना लोकांनी महिन्याभरात 'झाकणबाई' करून टाकलं होतं. दारात उभ्या राहिल्या की नमस्काराच्या आधी विचारायच्या, "झाकण कुठंय?" वयानं लहान, पण फॉर्ममधला एक रकाना मोकळा सोडतील तर शपथ. झाकण सापडलं नाही, की त्या पिशवीतून रंगाची डबी काढत, हिरवी पूड संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतत आणि मागच्या ओढ्याकाठी जाऊन उभ्या राहत. पाणी हिरवं झालं, की घरमालकाचं तोंड पिवळं पडायचं. वरच्या गल्लीत अशी चार घरं सापडली होती. मिस्त्रींनी त्या चौघांची चहाच्या दुकानात यथेच्छ टिंगल केली होती, हे इथं सांगून ठेवलेलं बरं.

घरात मिस्त्री आणि सून अशी दोनच माणसं. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. मिस्त्रींची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सुनेला पुढच्या खोलीत पाळणाघर काढायचं होतं. आठ मुलांची नावं लिहून झाली होती, भिंतींना रंग झाला होता, लहान मुलांच्या हाताला येतील असे कप्पे ठोकून झाले होते. राहिला होता फक्त नगरपालिकेचा परवाना, आणि परवान्याला टाकीचा दाखला लागत होता.

"बाबा, आपलं झाकण कुठंय?" रविवारी सकाळी तिनं विचारलं.

मिस्त्री पेपरमध्ये तोंड घालून म्हणाले, "आहे की. मागं. लिंबाच्या झाडाजवळ."

सून कामाला वाघ. तिनं कुदळ घेतली आणि लिंबाजवळ गुडघाभर खड्डा खणला. हाती लागला एक फुटका तांब्या. सोमवारी मिस्त्री म्हणाले, "मग कोठीच्या भिंतीलगत असेल, जुनी गोष्ट आहे." तिथंही काही नाही. मंगळवारी त्यांनी कुंपणाचा कोपरा सांगितला. परसात तीन खड्डे झाले आणि सुनेच्या तळहातांना फोड आले. गावातल्या शंभर टाक्यांची झाकणं डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरची जागा आठवू नये, याचं तिला नवल वाटलं. म्हातारपणाला काय म्हणायचं, असं मनाशी म्हणून तिनं त्यांच्या दुधात हळद वाढवली.

आता म्हातारपणावर उगाच आळ नको. मिस्त्रींची स्मरणशक्ती ठणठणीत होती. टाकी आठवत नव्हती, कारण टाकी नव्हतीच.

चाळीस वर्षांपूर्वी हे घर बांधलं तेव्हा मिस्त्रींना गावातून इतकी बोलावणी होती, की स्वतःच्या घराचं काम रविवारच्या रविवार चालायचं. भिंती झाल्या, छप्पर झालं, संडास झाला. टाकीची वेळ आली तेव्हा एका बड्या माणसाच्या बंगल्याचं काम आलं. मिस्त्रींनी विचार केला, आपली काय, पुढच्या महिन्यात बांधू, आणि तात्पुरता म्हणून पाइप सरळ मागच्या ओढ्यात सोडला. पुढचा महिना काही आला नाही. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "तुमची टाकी कशी आहे हो?" मिस्त्री तोऱ्यात म्हणून गेले, "तीन कप्प्यांची." झालं. आता टाकी बांधायची तर परसात खणायला हवं, आणि खणलं तर आधी नव्हती हे गल्लीला कळणार. दुसऱ्यांच्या टाक्यांना नावं ठेवत हिंडणारा माणूस हे कसं करणार? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशातली गत. लाजेपोटी त्यांनी ओढ्याकडे जाणंच सोडलं. पाइपाचं तोंड त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पलीकडे जायचं झालं तरी पुलाचा लांबचा रस्ता धरत आणि पोस्टमनना सांगत, "चाललेलं बरं, पाय मोकळे होतात."

बायको आधी आधी टोचायची. "अहो, खालच्या वस्तीतली पोरं त्या ओढ्यात खेळतात. गावाच्या टाक्या बांधता, आपली कधी?" मिस्त्री म्हणत, "पुढच्या महिन्यात." अशी बारा वर्षं गेली आणि मग ती बोलायची थांबली. मिस्त्रींनी सुटकेचा श्वास सोडला. बायको बोलायची थांबली म्हणजे तिला पटलं, असं समजणारे नवरे सगळ्याच धंद्यांत असतात.

त्यांना पेचात टाकलं ते नियमाच्या सातव्या कलमानं. ज्याच्याकडे टाकी नाही त्यानं तपासणीच्या आधी स्वतःहून कार्यालयात येऊन तसं सांगितलं आणि लिहून दिलं, तर बांधायला साठ दिवसांची मुदत, आणि बाकी कुठलाही परवाना अडणार नाही. पण तपासणीत सापडलं, तर दारावर नोटीस आणि त्या घराला वर्षभर कसलाच परवाना नाही. बुधवारी सून हा कागद मोठ्यानं वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बरं झालं, आपल्याला याची गरज नाही." मग ती खोलीत गेली आणि आठ कप्प्यांवर आठ मुलांची नावं चिकटवू लागली. मिस्त्रींना त्या रात्री नीट जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता सून चौथा खड्डा खणायला कुदळ घेऊन निघाली, तेव्हा मिस्त्री मागच्या पायरीवर बसले होते.

"ठेव ती कुदळ," ते म्हणाले.

"आठवली का जागा?"

"नाही. टाकी नाहीये आपल्याकडे. कधीच नव्हती. पाइप ओढ्यात जातो."

सुनेनं कुदळ भिंतीला टेकवली. आधी लिंबाजवळच्या खड्ड्याकडे पाहिलं, मग कोठीजवळच्या, मग कुंपणाच्या कोपऱ्याकडे, आणि शेवटी स्वतःच्या तळहातांकडे.

"मग हे तीन खड्डे कशासाठी?"

मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "मला वाटलं, तू कंटाळशील."

ती रागावली, आणि रागवायलाच हवं होतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा पायरीवर बसलेला पाहून तिला हसूही आवरेना. शेवटी दोन्ही एकदम झालं. "आज चहा तुम्ही करायचा," ती म्हणाली, "आणि खड्डेही तुम्हीच बुजवायचे. आणि दहाला कार्यालय उघडलं की पहिल्या नंबराला उभं राहायचं. मी अर्ज लिहून देते." मिस्त्रींनी चहा केला. त्यात साखर घालायला विसरले, पण तो तिनं मुकाट्यानं प्यायला.

पहिला नंबर काही मिळाला नाही. खिडकीशी आधीच चारजण उभे होते आणि त्यांच्यात सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारी एक पाठ होती. मिस्त्रींचा पाय तिथंच अडला. तो ओळंबा होता. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा. उंच, सडसडीत, सरळ, म्हणून हे नाव त्याला मिस्त्रींनीच दिलेलं. एके काळचा त्यांचा सगळ्यात हुशार हाताखालचा माणूस. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिस्त्री चार महिने बाहेरगावच्या कामावर होते आणि परसातला विटांचा ढीग त्याच्या भरवशावर टाकून गेले होते. परत येऊन पाहतात तो वीट शिल्लक नाही. ओळंब्याला विचारलं तर तो गप्प. मिस्त्रींनी सिमेंटच्या दुकानात, चार माणसांसमोर त्याला चोर म्हटलं आणि हाकलून दिलं. तेव्हापासून बोलणं बंद. पुढे ओळंब्यानं टाक्या उपसणारी गाडी घेतली आणि धंद्यात नाव काढलं. आज तो त्याच गाडीच्या परवान्यासाठी आला होता.

मिस्त्रींच्या मनात आलं, परत फिरावं. दुपारी येऊ. पण दुपारी म्हणजे अकरानंतर, आणि अकराला झाकणबाई दारात. त्यांच्या डोळ्यांसमोर ते आठ कप्पे आले. ते उभे राहिले.

खिडकीमागचा कारकून कानानं जरा कमी होता. त्यानं ओळंब्याला एक कागद भरायला बाजूला उभं केलं होतं. मिस्त्रींनी अर्ज सरकवला, तर म्हणाला, "तोंडानं सांगा हो, चष्मा घरी राहिलाय."

"टाकी नाही," मिस्त्री पुटपुटले.

"काय?"

"माझ्या घरी टाकी नाही."

"मोठ्यानं बोला."

"माझ्या घरी संडासाची टाकी नाही," मिस्त्री म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की आतल्या खोलीतले साहेब दारापर्यंत आले. रांगेतली माणसं चपापली. एकजण हसला आणि त्यानं लगेच खोकल्याचं निमित्त केलं. ओळंबा वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मिस्त्रींनी पोचपावती घेतली आणि मागं न बघता निघाले. कान तापले होते, तरी चाळीस वर्षं पाठीवर असलेलं पोतं कुणी उतरवून घेतल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि त्याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. पोस्टमन फाटकाशी उभे, त्यांच्यामागं निम्मी गल्ली. आणि बरोबर अकराला झाकणबाई.

"झाकण कुठंय?"

सुनेनं पोचपावती पुढं केली. बाईंनी ती दोनदा वाचली, उलटून पाहिली. "छान. स्वतःहून आलात, साठ दिवस मिळाले. परवाना अडणार नाही, पाळणाघर सुरू करा." सुनेनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून हिरवी डबी काढली.

"आता ती कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"रकाना आहे आजोबा. 'पाणी कुठं जातं, खात्री केली.' खात्री केल्याशिवाय टिक कशी करू?"

मिस्त्री म्हणाले, "करा. होऊन जाऊ दे एकदाचं." पूड पडली, दोन बादल्या पाणी पडलं आणि सगळी वरात ओढ्याकाठी निघाली. वरच्या गल्लीतले ते चार सापडलेले घरमालकही खास आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मिस्त्रींना लांबूनही वाचता येत होता.

दहा मिनिटं झाली. पाणी स्वच्छ. वीस मिनिटं झाली. बाईंनी सुनेला घरी पाठवून आणखी दोन बादल्या ओतायला लावल्या. अर्धा तास झाला. ओढ्यात एक बदक आलं आणि गेलं, हिरवं काही झालं नाही. शेवटी बाई झुडपं बाजूला करून काठाशी वाकल्या. पाइपाचं तोंड सापडलं. त्यात सुकलेली पानं कोंबलेली आणि वर कोळ्याचं जाळं. त्यांनी काडी आत घालून बाहेर काढली, ती कोरडी ठणठणीत.

"इथून कित्येक वर्षांत थेंब आलेला नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं पाणी ओढ्यात येत नाही."

"येतं," मिस्त्री म्हणाले.

"नाही येत."

"अहो बाई, मी घातलाय तो पाइप."

"घातला असेल. पण पाणी येत नाही. तुमच्याकडे टाकी असणार."

मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यात एकदा खरं बोलायचं धाडस केलं, तर ही कालची मुलगी ते खोटं ठरवायला निघाली होती. "मी टाकी बांधलेली नाही. बांधली असती तर मला नसतं का कळलं? लिहा, टाकी नाही."

"मी डोळ्यांनी पाहतेय ते लिहू का तुम्ही सांगताय ते?"

"मी सांगतोय ते. मी गुन्हेगार आहे."

पोस्टमन मध्ये पडले. "मिस्त्री, टाकी आहे हे तर आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. तीन कप्प्यांची म्हणून."

लोक हसत सुटले. अशात परसाच्या बाजूनं गाडीचा आवाज आला. ओळंब्याची टाकी उपसणारी गाडी फाटकाशी येऊन थांबली आणि ओळंबा खाली उतरला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते, चाल मात्र तशीच सरळ. तो थेट परसात गेला. सगळे त्याच्यामागं. परसाच्या टोकाला धुण्याचा मोठा सपाट दगड होता. ओळंब्यानं त्यावर हात ठेवला.

"हे झाकण," तो म्हणाला. "दोघांनी लोटलं की सरकतं."

मिस्त्रींना ते शब्द ऐकू आले, पण अर्थ लागायला वेळ लागला. "हा दगड आमच्या हिनं बसवून घेतला होता. मी बाहेरगावी असताना."

"दगड वर बसवला. खाली टाकी बांधली. वहिनी म्हणाल्या, बारा वर्षं पुढचा महिना ऐकतेय, आता मीच बांधते. तुमच्याच विटा वापरल्या."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. विटा कुठं गेल्या ते अठ्ठावीस वर्षांनी कळलं होतं, आणि त्या विटांवर ते रोज आंघोळीनंतर पंचा पिळत होते.

"तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"वहिनी सांगायलाच निघाल्या होत्या. रडल्या फार. मीच अडवलं. म्हटलं, मला चोर म्हणाले ते मी खपवून घेईन, पण हे कळलं तर ते लाजेनं हातात थापी धरायचे नाहीत. आणि खरं सांगू का मिस्त्री, मलाही वेगळं व्हायचं होतं. तोंडानं सांगायची छाती नव्हती. तुम्ही आयतं हाकलून दिलंत."

दगड सरकवला. झाकणबाईंनी विजेरी काढली, पण ती मिस्त्रींनी त्यांच्या हातातून कधी घेतली ते बाईंनाही कळलं नाही. ते पालथे पडले आणि काठावरून आत वाकले. नाकाला रुमाल लावायचंही भान नव्हतं. आत हिरवंगार पाणी डुलत होतं. मधली भिंत पाहिली, उंची बरोबर. बाहेर जाणारा पाइप पाहिला, बरोबर. खोट काढायची पन्नास वर्षांची सवय, ती सहज कशी सुटेल?

"हा आतला पाइप दोन बोटं जास्त बुडालाय," ते आतूनच ओरडले.

"वहिनींनी तसाच घालायला लावला. म्हणाल्या, ते सगळ्यांकडे दोन बोटं जास्त घालतात, जेवताना रोज ऐकते मी."

"आणि वास जायची नळी कुठंय? नळीशिवाय टाकी म्हणजे..."

ओळंब्यानं बोट वर केलं. कपडे वाळत घालायच्या तारेचा तो लोखंडी खांब. मिस्त्री दर दोन वर्षांनी त्याला स्वतःच्या हातानं रंग देत आणि बायकोला म्हणत, एवढा उंच खांब कशाला उभा केलास, तार कुठं आणि खांब कुठं. आत्ता त्यांनी खांबाच्या टोकावरची जाळी पाहिली. गल्लीतल्या लोकांना मात्र हसू आवरेना, आणि सगळ्यांत मोठ्यानं सून हसत होती.

"शेवटचा उपसा कधी?" झाकणबाईंनी फॉर्म काढला होता.

"सात वर्षांपूर्वी," ओळंबा म्हणाला. "मिस्त्री बाहेरगावी गेले की वहिनी निरोप पाठवायच्या, मी गाडी आणायचो. त्या गेल्या आणि निरोप थांबला. या टाकीची मला काळजीच लागून राहिली होती."

"म्हणजे मुदत कधीच उलटून गेली. आठ दिवसांत उपसा करा. पण टाकी पक्की आहे, दाखला आजच देते. बांधणाऱ्याचं नाव?"

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री उठून बसले, कोपराची माती झटकली आणि त्यांनी ओळंब्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. "आणि आखणी कुणाची तेही लिहा," असं म्हणून बायकोचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, आखणीचा रकाना नाही. मिस्त्री म्हणाले, "मग समासात लिहा." आणि रकान्याबाहेर कधीही न जाणाऱ्या झाकणबाईंनी ते समासात लिहिलं.

मग मिस्त्री ओळंब्यासमोर उभे राहिले. चार माणसांसमोर म्हटलं होतं, तर चार माणसांसमोरच परत घ्यायला हवं, एवढा सरळपणा त्यांच्यात होता. "मी तुला चोर म्हणालो. तू चोर नव्हतास. चुकलो मी, फार चुकलो. मला माफ कर."

ओळंबा गडी मूळचा मिस्त्रींच्याच हाताखाली तयार झालेला. "अठ्ठावीस वर्षं लावलीत मिस्त्री," तो म्हणाला. "टाकीसुद्धा तीन वर्षांत उपसायची असते."

लोक हसत हसत पांगले. सून झाकणबाईंना पाळणाघराची खोली दाखवायला घेऊन गेली, आणि बाईंचा आवाज लांबूनही ऐकू येत होता, कप्पे मोजत असल्याचा. ओळंबा गाडीची जाड नळी उलगडायला लागला. मिस्त्री मागच्या पायरीवर बसले.

"एक सांग," ते म्हणाले. "तेव्हा तू तिला अडवलंस म्हण, पण नंतर तरी तिनं मला का नाही सांगितलं? त्यानंतर बावीस वर्षं होती ती."

ओळंब्यानं नळी खाली ठेवली. "मीही विचारलं होतं. म्हणाल्या, ज्या दिवशी ते आपल्या तोंडानं मला म्हणतील ना, की आपल्याकडे टाकी नाही, त्या दिवशी हात धरून नेईन आणि दाखवीन. आपण होऊन सांगणार नाही. आणि मी नसले तर तू सांग, पण आधी त्यांनी म्हणायला हवं. आज खिडकीशी तुम्ही म्हणालात. मी परवाना तसाच टाकून आलो."

बावीस वर्षं संध्याकाळी दोघं याच पायरीवर बसत. ती धुतलेले कपडे घडी करत असायची, ते चहा पीत असायचे आणि समोर तो दगड. कितीदा त्यांच्या ओठांवर आलं होतं, की अगं, ती टाकी काही झाली नाही आपली, मला लाज वाटते. दरवेळी त्यांनी गिळलं होतं. तिला काय वाटेल, म्हणून. आणि ती शेजारी बसून तेवढ्याच एका वाक्याची वाट बघत होती. मिस्त्रींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बरंच झालं असं रडून, हलकं वाटलं. मग त्यांनी पंचाच्या टोकानं डोळे पुसले, तारेवरच्या रिकाम्या चिमट्यांकडे पाहिलं आणि हळूच, शेजारी कुणी बसलं असावं तसं म्हणाले, "टाकी नाही गं आपल्याकडे. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत राहिलो मी."

ओळंबा पाठ फिरवून इंजिनाशी उगाच काहीतरी खुडबुड करत राहिला. थोड्या वेळानं मिस्त्री उठले आणि नळीचं दुसरं टोक धरायला गेले.